मुंगीच्या डोक्यावर घिरट्या घालणारी माशी: ठाणे-नवी मुंबईत ती कशी शोधायची

दर पावसाळ्यानंतर आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी मला गुलाबाची कुंडी दाखवायला बोलावतं. पानांच्या कडांना कात्रीने कापावेत तसे गोल काप पडलेले असतात. गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बघ रे, मुंग्यांनी पानं कापून नेली. टीव्हीवर दाखवतात ना, डोक्यावर हिरवी छत्री घेऊन चालतात, त्याच या." फवारणीवाल्याला फोनही करून झाला होता.

काकूंनी टीव्हीवर पाहिलेल्या मुंग्या खऱ्या आहेत, पण त्या ठाण्यात नाहीत. पानं कापून बुरशीची शेती करणाऱ्या आट्टा आणि ॲक्रोमिरमेक्स या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत सापडतात, अमेरिकेच्या दक्षिण भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंत. कुंडीतल्या गुलाबाची पानं कापते ती पानकापी मधमाशी. ती एकटी येते, काही सेकंदांत पानाचा गोल तुकडा कापते, पायांत धरून उडून जाते आणि पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात पिल्लांसाठी त्याच्या पुरचुंड्या करते. खात्री करायची असेल तर उन्हाच्या वेळी कुंडीपाशी अर्धा तास बसा, कापताना ती दिसू शकेल. झाडाला याने काही होत नाही, त्यामुळे फवारणीचीही गरज नाही. काकूंनी फवारणी रद्द केली, आणि आता त्या मधमाशीची वाट पाहतात.

पण मुंग्यांचा विषय निघालाच आहे, तर त्या पानकाप्या मुंग्यांच्या गोष्टीतलं एक पात्र काकूंच्या टीव्हीवर दिसलं नव्हतं. ते पात्र म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची एक माशी. तिच्या कुळातल्या माश्या आपल्याकडेही आहेत, आणि मुंग्यांच्या रांगेवर त्या काय करतात ते येऊरला, खारघरला किंवा स्वतःच्या सोसायटीच्या आवारात बसूनही पाहता येतं. मी काही वर्षं हे करतोय. सुरुवातीचे कित्येक महिने हाती काहीच लागलं नाही, कारण मी माशी शोधत होतो. माशी शोधायची नसते, मुंगीचं वागणं वाचायचं असतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या

फोरिडी हे माश्यांचं एक मोठं कुळ. जगभरात त्यांच्या चार हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. पाठीला कुबड असल्यासारखा आकार म्हणून मी त्यांना कुबडी माशी म्हणतो. यातल्या अनेक जाती सडलेल्या पदार्थांवर जगतात. काहींनी मात्र मुंग्यांवर जगण्याचा मार्ग धरला आहे. मादी मुंगीच्या अंगात अंडं घालते, अळी आतून मुंगीला खात वाढते आणि मुंगी मरते. ऊ किंवा गोचीड रक्त पिते, पण यजमान जिवंत राहतो. या माशीच्या बाबतीत यजमानाचं मरण ठरलेलंच असतं. शास्त्रज्ञ दोघींत फरक करतात तो यामुळे.

पानकाप्या मुंग्यांवर हल्ला करणाऱ्या फोरिड माश्यांच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीची रीत वेगळी. कोणी डोक्याच्या मागच्या बाजूला अंडं घालते, कोणी तोंडाच्या भागात, कोणी पोटात. मध्य अमेरिकेतली एक जात तर मुंगीने उचललेल्या पानाच्या तुकड्यावर उतरते आणि तिथे उभी राहून खालच्या मुंगीच्या डोक्यापर्यंत पोचते. मुंगीचा जबडा पानात गुंतलेला, म्हणजे तिला चावून प्रतिकारही करता येत नाही.

यावर मुंग्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. पान वाहणाऱ्या मोठ्या मुंगीच्या पानावर एखादी चिमुकली मुंगी बसून येते. ती काहीच वाहत नाही, उलट मोठीचं ओझं वाढवते. मग ती कशाला? १९६७ मध्ये आयब्ल-आयबेसफेल्ट दांपत्याने लिहिलं की या छोट्या मुंग्या माश्यांपासून राखण करतात. पुढे १९९० मध्ये फीनर आणि मॉस यांनी पनामात मोजमाप करून दाखवलं, की माश्या जास्त असताना पानांवर बसणाऱ्या राखणदारांचं प्रमाण वाढतं, आणि राखणदार असलेल्या पानावर माशी कमी उतरते, उतरली तरी कमी वेळ टिकते. नंतरच्या अभ्यासांतून असंही दिसलं, की या छोट्या मुंग्या पान वारुळात पोचायच्या आधीच त्यावरची नको असलेली बुरशी आणि जंतू साफ करतात. म्हणजे एका फेरीत दोन कामं.

आट्टाच्या काही वारुळांत दिवसा लहान मुंग्या पानं आणायला निघतात आणि मोठ्या डोक्याच्या रात्री निघतात. तिथल्या माशीला अंडं घालायला मोठं डोकं लागतं आणि ती दिवसा उडते. पन्नास-साठ लाखांच्या वारुळाचं वेळापत्रक एका चिमुकल्या माशीने बदलावं, हे मला अजूनही थक्क करतं.

हे सगळं इतकं सांगितलं, कारण आपल्याकडे बघताना नेमक्या याच गोष्टी बघायच्या आहेत: मुंगीची मान, जबडा, तिचा आकार, ओझं आणि दिवसाची वेळ.

पहिली पायरी: कुबडी माशी घरातच ओळखा

बाहेर जाण्याआधी डोळ्याला सवय लावून घ्या. एका वाटीत जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि चिमूटभर भिजवलेला सुका जवळा ठेवा. वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा मोरीजवळ राहू द्या. दोन-तीन दिवसांत चिलटं येतील, आणि त्यांच्यात काही वेगळ्या माश्याही असतील.

चिलट संथ उडतं, त्याचे डोळे बहुतेक वेळा लालसर असतात आणि बसलं की बसून राहतं. कुबडी माशी बसल्यावर धावते. थोडं धावते, झटक्यात थांबते, दिशा बदलते, पुन्हा धावते. हाताने हाकललं तर उडण्याआधी पळण्याचाच प्रयत्न करते. भिंगातून पाहिलंत तर पाठ उंच, डोकं लहान आणि खाली झुकलेलं, मागच्या पायांच्या मांड्या जाड. पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरा ठळक आणि बाकीच्या अगदी फिकट. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं अर्धं काम झालं. घरातली ही माशी बहुधा सडक्यावर जगणारी असते, तिचा मुंग्यांशी संबंध नसतो. पण चाल तीच.

निरीक्षण झालं की वाटी लगेच फेकून द्या. घरच्यांची सहनशक्ती मर्यादित असते आणि जवळ्याचा वास नसतो.

दुसरी पायरी: सामान

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स, पांढऱ्या पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा, तेवढंच काळं कापड, वही, पेन्सिल, बसायला चटई. पेन्सिलच घ्या, पावसाळ्यात पेनाची शाई पसरते. आणि कोविडच्या काळातला एखादा मास्क उरला असेल तर तो नक्की घ्या, कारण पुढे सांगतो.

तिसरी पायरी: जागा आणि वेळ

जागा निवडताना झाडं किती यापेक्षा मुंग्यांची कायमची वाट आहे का ते बघा. रोज त्याच ठिकाणाहून जाणारी, सावलीतली, जमिनीवरची किंवा झाडाच्या खोडावरची रांग हवी. अशी रांग सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवरही मिळते, आणि सुरुवातीला तीच सर्वांत बरी, कारण तिथे रोज जाता येतं. रोज न जाता हे काम होत नाही.

बाहेर जायचं असेल तर ठाण्यात येऊर, उपवनच्या मागचा उतार आणि घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकरवाडी. नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांचा पायथा, पारसिक डोंगराची बेलापूरकडची बाजू. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी मला यश आलं नाही, तिथे वारा फार. एवढ्या लहान माशीला वाऱ्यात घिरट्या घालता येत नाहीत.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे हे विसरू नका. वनखात्याच्या चौकीवर नियम विचारूनच आत जा, उजेडात जा, दोघे-तिघे मिळून जा, कारण बिबट्याचा वावर आहे. आणि तिथून एक मुंगीसुद्धा उचलायची नाही. संरक्षित क्षेत्रातून काहीही गोळा करायला लेखी परवानगी लागते. आपण फक्त बघायचं आणि फोटो काढायचे.

वेळ म्हटली तर जूनच्या पहिल्या सरींनंतर पावसाने उघडीप दिली की, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. सकाळी साधारण साडेसात ते दहा, दुपारी चारनंतर उजेड असेपर्यंत. हवा दमट आणि थांबलेली असली की बसा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मुंग्याच दुपारी बाहेर पडत नाहीत.

चौथी पायरी: कोणत्या मुंग्यांपाशी बसायचं

काळा मुंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. मोठा, सावकाश, त्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ साध्या डोळ्यांनी लागतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

त्यानंतर मोठ्या डोक्याच्या बारीक मुंग्या. एकाच वारुळात दोन आकार: बहुसंख्य लहान कामकरी आणि अधूनमधून प्रचंड डोक्याच्या शिपायी. यांच्या एका अमेरिकन जातीवर फीनर यांनीच १९८१ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. अन्नावर दुसऱ्या मुंग्यांशी झुंज लागते तेव्हा शिपायी धावून येतात आणि जिंकतात. पण माशी आली की त्याच शिपायी माघार घेतात, कारण माशी त्यांच्यावरच टपलेली असते. मग हरणारी बाजू जिंकते. एकाही मुंगीत अंडं गेलं नाही तरी लढाईचा निकाल बदलतो.

तिसऱ्या म्हणजे पोटाची टोकदार मागची बाजू पाठीवर उचलून धरणाऱ्या, बदामी आकाराच्या पोटाच्या मुंग्या, शास्त्रीय नाव क्रेमॅटोगॅस्टर. येऊरच्या झाडांवर कागदाच्या लगद्यासारखी तपकिरी, नारळाएवढी किंवा त्याहून मोठी घरटी दिसतात ती यांची. तांबूस सुतार पक्षी याच घरट्यात पोकळी करून अंडी घालतो, म्हणून पक्षी बघणारे मित्र तुम्हाला ती पटकन दाखवतील. आफ्रिकेत या मुंग्यांवर जगणारी एक फोरिड माशी आहे. तिची सख्खी बहीण शोभावी अशी जात थायलंडमध्ये मिळाली आणि २०१२ मध्ये ब्रायन ब्राऊन यांनी तिला यूरिप्लाटिया नानकनिहाली हे नाव दिलं. लांबी ०.४ मिलिमीटर, म्हणजे मिठाच्या कणाएवढी, तेव्हा ज्ञात असलेल्या माश्यांतली सर्वांत लहान. एवढी माशी मुंगीच्या डोक्यात मावते यात नवल ते काय.

आंब्या-जांभळावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्या बघायला सुंदर पण सुरुवातीला नकोत. त्या तुमच्याकडेच वळतात, चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतात. तुमच्यामुळे बिथरल्या की माशीमुळे, हे कळत नाही. हिरवळीवर चावली की आग होते ती तांबडी आग मुंगीही टाळा. ही मूळची अमेरिका खंडांतली, आता आपल्याकडे सगळीकडे पसरलेली.

पाचवी पायरी: बसणं

सगळ्यात कठीण भाग हाच, त्यामुळे यावर जरा वेळ घालवतो.

रांगेपासून हातभर अंतरावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसा. आपली सावली रांगेवर पडू देऊ नका. मास्क लावा. मुंग्यांना आपला श्वास लगेच कळतो, आणि श्वास लागला की त्या थांबतात, सैरावैरा होतात, जबडे उघडतात. माशी आल्यावरही त्या हेच करतात. मी सुरुवातीला वहीत ज्या 'माशीच्या भेटी' लिहिल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच माझ्याच उसाशांच्या निघाल्या. मास्क लावायला लागल्यावर त्या बंद झाल्या.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. मुंग्यांना तुमची सवय होऊ द्या. मग रांगेवर एक खूण ठरवा, एखादा खडा किंवा फरशीची फट, आणि ती ओलांडणाऱ्या मुंग्या एक मिनिट मोजा. एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. असे दहा आकडे लिहा. आधी ही गणती माहीत हवी, नाहीतर बिघाड कशावरून ओळखणार?

आता रांग वाचायला घ्या. माशी आल्याच्या खुणा माझ्या अनुभवात साधारण याच क्रमाने दिसतात. आधी एखादी मुंगी चालता चालता जागीच गोठते, मिश्या आत ओढून. मग जवळच्या दोन-तीन डोकं वर उचलतात, जबडे उघडे, आणि हवेत कुणाच्या तरी मागे मान फिरवतात. ही मान फिरवणं महत्त्वाचं. श्वासाने बिथरलेली मुंगी दिशाहीन पळते, माशीने बिथरलेली मुंगी वर बघते. त्यानंतर काही मुंग्या पोट खाली दुमडून घेतात, काही पानाखाली किंवा फटीत शिरतात. ओझं असेल तर टाकून देतात. रांग त्या वीतभर जागेपुरती तुटते, दोन्ही बाजूंना मात्र नीट चालू राहते. अख्खी रांग एकदम बिघडली तर कारण बहुतेक वेळा वारा, सावली किंवा कुणाची चप्पल.

वीतभर तुटलेली जागा दिसली की नजर तिथल्या जमिनीवरून उचला आणि दोन-तीन बोटं वर, हवेत ठेवा. पांढरा पुठ्ठा रांगेच्या पलीकडे हळूच उभा धरा. त्या पांढऱ्यावर एक काळा ठिपका एकाच मुंगीच्या मागे मागे तरंगताना दिसेल, तिच्या चालीने पुढे सरकणारा. अचानक तो ठिपका खाली झेपावतो आणि परत वर येतो. झेप इतक्या कमी वेळाची असते की डोळा मिटला तर हुकली. तीच झेप अंडं घालण्याची.

मला पहिल्यांदा हे दिसलं ते आमच्याच इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, मुंगळ्यांच्या रांगेत. सव्वा तास बसून उठणार होतो. एक मुंगळा थांबला, मान वर केली, आणि मी त्याच्या नजरेमागे पाहिलं. मुंगळ्यानेच मला माशी दाखवली.

सहावी पायरी: आमिष

रांगेवर तीन-चार दिवस बसूनही काही दिसलं नाही, तर मुंग्यांची गर्दी एका जागी आणा. जुन्या विजिटिंग कार्डावर गुळाच्या घट्ट पाण्याचा थेंब आणि बाजूला भिजवलेल्या जवळ्याची चिमूट ठेवा. गुळावर मुंगळे येतात, जवळ्यावर मोठ्या डोक्याच्या मुंग्या. अर्ध्या तासात गर्दी होते, कधी दोन वारुळांची भांडणंही लागतात. यातल्या कित्येक माश्या मुंग्यांनी सोडलेल्या धोक्याच्या गंधावरूनच त्यांचा माग काढतात. त्यामुळे भांडण जुंपलं की तिथून हलू नका.

मुंग्या चिरडून गंध पसरवायचा प्रकार काही जण सुचवतात. कृपा करून करू नका. जवळ्याने काम भागतं.

कार्डावर शिपायी मुंग्या किती आणि लहान किती, दर पाच मिनिटांनी मोजा. शिपायी अचानक कमी झाल्या आणि लहान तशाच राहिल्या, तर पुठ्ठा उचला आणि वर बघा. काम झालं की कार्ड उचलून आणा, तिथे टाकू नका.

सातवी पायरी: वाटमारीशी गल्लत करू नका

मुंग्यांच्या रांगेपाशी आपल्याकडे आणखी एक माशी हमखास दिसते, आणि नवखे तिलाच कुबडी माशी समजतात. ही बेंगालिया. तिच्या नावातच बंगाल आहे. या प्रजातीला १८३० मध्ये नाव मिळालं. रंग पिवळट-तपकिरी, आकार घरमाशीएवढा किंवा मोठा. ती घिरट्या घालत नाही. रांगेच्या कडेला, एखाद्या काडीवर किंवा पालापाचोळ्यावर, रांगेकडे तोंड करून उभी राहते. ओझं घेऊन जाणारी मुंगी जवळ आली की झडप घालते, तिच्या तोंडातली अळी, कोष किंवा अन्न हिसकावते आणि थोडं दूर जाऊन चोखते. मुंगी रिकाम्या जबड्याने इकडेतिकडे शोधत राहते. कोकणातल्या जुन्या घाटवाटांवरचे वाटमारे आठवावेत असा प्रकार, म्हणून आमच्या गटात तिला वाटमारी म्हणतात.

पावसाळ्यात येऊरच्या पायवाटांवर काळ्या मुंग्यांच्या लांबलचक फौजा वाळवीच्या शिकारीला निघतात किंवा घर बदलताना पांढरे कोष वाहून नेतात. अशा फौजेच्या कडेला पाच-दहा मिनिटं थांबलात तर वाटमारी दिसण्याची शक्यता चांगली. ही माशी सहज दिसते, फोटोही छान येतो, आणि पहिल्या दिवशी काही तरी पाहिल्याचा आनंद देते. पण लक्षात ठेवा: मोठी, उभी, ओझ्यावर डोळा असेल तर वाटमारी. बारीक, तरंगती, मुंगीवरच डोळा असेल तर कुबडी.

आठवी पायरी: फोटो आणि व्हिडिओ

साधा फोटो येत नाही, त्यात वेळ घालवू नका. मोबाइल छोट्या तिकाटण्यावर किंवा दगडाला टेकवून ठेवा, स्लो मोशन सेकंदाला २४० चौकटींवर लावा, फोकस मुंगीच्या उंचीला लावून लॉक करा आणि रांगेच्या तुटलेल्या जागेवर सोडून द्या. मागे काळं कापड, उजेड बाजूने. माशीचे पंख उजेडात चमकतात आणि काळ्यावर उठून दिसतात. घरी येऊन चौकट-चौकट पाहा. झेप कोणत्या भागावर झाली, डोक्यावर, मानेवर की पोटावर, ते इथेच कळतं, आणि तीच नोंद सर्वांत मोलाची.

हे फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. माशीची ओळख 'फोरिडी' एवढीच लिहा. जात ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो, फोटोवरून तिथवर जाण्याचा मोह टाळा. मात्र मुंगी कोणती, झेप कुठे, वेळ किती, हवा कशी, हे शेऱ्यात सविस्तर लिहा. पुढे कुणी अभ्यासक ती नोंद उघडेल तेव्हा त्याला माशीच्या नावापेक्षा याच चार ओळी जास्त उपयोगी पडतील.

फवारणीबद्दल

आमच्या भिंतीवरची ती रांग एका वर्षी फवारणीत गेली. मुंग्या दोन महिन्यांत परत आल्या, माशी पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसली नाही. तेव्हापासून मी सोसायटीच्या सभेत दरवर्षी उभा राहून सांगतो, घरात फवारा, आवाराच्या मागच्या भिंतीला हात लावू नका. माळीकाकांनी ते मनावर घेतलं आहे.

"मग या माश्या आणून सोडल्या तर मुंग्या जातील ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. अमेरिकेत दक्षिण अमेरिकेतून शिरलेल्या आग मुंगीविरुद्ध १९९० च्या दशकापासून सूडॅक्टिऑन या फोरिड माश्या सोडल्या गेल्या. या माशीची अळी मुंगीच्या डोक्यात शिरते, आतलं सगळं खाते, डोकं गळून पडतं आणि त्या रिकाम्या कवटीतच ती कोष करते. ऐकायला भयंकर, पण अंडं पडतं ते शंभरातल्या दोन-चार मुंग्यांत. खरा परिणाम धास्तीचा असतो, मुंग्या अन्न सोडून लपतात. तिथेही या माश्या सोडण्याआधी वर्षानुवर्षं तपासलं गेलं, की त्या स्थानिक मुंग्यांना त्रास देणार नाहीत ना. ऑनलाइन कुणी परदेशी माश्या किंवा 'पाळायला' पानकाप्या मुंग्या देऊ करत असेल तर घेऊ नका. अशी आयात २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखाली परवान्याशिवाय करता येत नाही, आणि पानकाप्या मुंग्या त्यांच्या देशांत शेतीची मोठी कीड आहेत. एक वारूळ कोकणच्या बागांत सुटलं तर आंबा-काजूवाल्याचं काय होईल याचा विचार करा.

शेवटची पायरी: डबीतला पुरावा

झेप दिसली म्हणजे अंडं पडलं असं नाही. अनेक झेपा हुकतात. खात्री करायची तर मुंगी पाळावी लागते. हे फक्त आपल्या घरच्या किंवा सोसायटीच्या आवारातल्या साध्या मुंगळ्यांवर करा, जंगलात मुळीच नाही.

ज्या मुंगळ्यावर झेप पडताना पाहिली, नेमका तोच मऊ ब्रशने प्लॅस्टिकच्या डबीत घ्या. झाकणाला सुईने बारीक भोकं पाडून आतून मलमलीचा तुकडा लावा, कारण माशी त्या भोकांतूनही निसटेल. तळाशी ओलसर टिशू, कोपऱ्यात मधपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. दोन्ही एक दिवसाआड बदला, नाहीतर बुरशी धरते. डबी सावलीत ठेवा आणि तिच्यावर तारीख, वेळ, जागा, झेप कुठे झाली ते लिहून चिकटवा. ज्यांच्यावर झेप पडली नाही असे दोन-तीन मुंगळे दुसऱ्या डबीत तसेच ठेवा, म्हणजे नुसत्या कैदेने किती मरतात तेही कळेल.

रोज सकाळी एकदा बघा. मुंगळा मेला तर फेकू नका. त्याला छोट्या काचेच्या नळीत ओलसर कापसावर ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि थांबा. डोकं सुटलं असेल तर तेही सोबत ठेवा. काही जातींचा कोष डोक्याच्या आतच असतो, काहींची अळी बाहेर पडून कापसात कोष करते. यात आठवडे जातात, महिन्याहून जास्तही. माझ्या बहुतेक नळ्यांतून काहीच निघालं नाही.

निघाली, तर आधी भिंगातून पाहा आणि नळीतच फोटो घ्या. मग नळी घेऊन ज्या भिंतीवरून, ज्या रांगेतून मुंगळा उचलला होता तिथे जा, सकाळच्या थांबलेल्या हवेत मलमल काढा आणि तिला सोडून द्या.